अठ्ठेचाळीस आकडे

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. रात्री ९:४०

नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या काकांच्या संगणकावर पुन्हा तीच सूचना आली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार. म्हणजे येत्या मंगळवारी.

काका लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देतात. गल्लीतल्या निम्म्या घरांची पॅन कार्डं, आधार, फॉर्म सोळा त्यांच्या मशीनमध्ये. उरलेल्या वेळात ते घराण्याचे कागद स्कॅन करतात: लग्नांचे अल्बम, आजोबांच्या रोजनिशा, कोर्टाच्या वाटणीचे उतारे. सुरक्षिततेचे अपडेट बंद होणार म्हटल्यावर त्यांची झोप उडणं साहजिक होतं.

खरं तर घाईचं कारण नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेटची मुदतवाढ देऊ केली होती. पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि काकांना खात्यांचा तिटकारा. त्यातून मशीन जुनं. प्रोसेसर रायझन ५ १६००, म्हणजे २०१७ चा, आणि विंडोज ११ च्या यादीत रायझनची २००० मालिका आणि तिच्या पुढचेच बसतात. मदरबोर्डाचा रॅमचा एक स्लॉट मेलेला, मागचे दोन यूएसबी पोर्ट बंद. इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, "काका, बोर्ड अन् प्रोसेसर बदलून टाकू. बाकी सगळं तसंच राहते. डिस्क लावली की चालू."

यातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

रात्री १०:०५

अडीअडचणीला विंडोज ११ चा पेनड्राईव्ह तयार हवा. मायक्रोसॉफ्टचं टूल त्यासाठी किमान आठ जीबीचा पेनड्राईव्ह मागतं. दिवाळीची साफसफाई चालू होती, काकूंनी टेबलाचा खण त्याच दिवशी रिकामा करून पुसला होता. सुटे नट, जुनं सिम, स्टेपलरच्या पिना आणि एक काळा पेनड्राईव्ह असं सगळं एका स्टीलच्या डब्यात घातलेलं. पेनड्राईव्हवर कधीकाळी एक चिकटपट्टी होती. तिच्यावर स्केचपेननं "पुसू नये" असं लिहिलेलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात गोंद सुटला, पट्टी खणाच्या तळाला चिकटली आणि ओल्या फडक्याबरोबर निघून गेली.

पुतण्यानं उघडून पाहिला. अभंगांच्या गाण्यांचं मोठं फोल्डर, आणि खाली एक बारीकशी टेक्स्ट फाईल, नाव लांबलचक, इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"अभंगच आहेत काका. यूट्यूबवर भेटतात सगळे."

टूलनं रीतसर बजावलं की या ड्राईव्हवरचं सर्व काही पुसलं जाईल. पुतण्यानं पुढे जा म्हटलं.

शनिवार, सकाळी ८:३०

तर्री पोहे. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पोह्यांना आणि पुढच्या सगळ्या प्रकाराला हजर होतो. जिथे मी नव्हतो तिथलं नंतर विचारून जुळवलं आहे.

या वेळी मशीन शेवटचं, पण व्यवस्थित चालू होतं. काकांनी एक रिटर्न तपासलं, सी ड्राईव्हवरचं कालचं स्कॅनिंग डी ड्राईव्हवर कॉपी केलं. ते याला बॅकअप म्हणत. दोन डिस्क, पण पेटी एकच.

पडद्यावर सी ड्राईव्हच्या चित्रावर एक छोटं कुलूप दिसत होतं. ते तिथे चार वर्षांपासून होतं. कोपऱ्यावरच्या घरात चोरी झाली तेव्हा जावईबापू हैदराबादहून आले होते. लोकांची आधार कार्डं अशी उघडी ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांनी बोर्डातलं टीपीएम, म्हणजे किल्ली सांभाळणारी व्यवस्था, चालू करून बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलं. काम नेटकं केलं. डिस्कवरचं सगळं सांकेतिक झालं, आणि उलगडण्याची किल्ली त्या बोर्ड आणि प्रोसेसरच्या जोडीत बसली. रोज मशीन सुरू होताना ती जोडी स्वतःच कुलूप उघडायची. काकांना कधी काही टाईप करावं लागलं नाही, म्हणून कुलूप आहे हेच ते विसरले.

कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरच्या पानावर "सस्पेंड प्रोटेक्शन" अशी एक ओळ असते. ती दाबली असती तर किल्ली तात्पुरती डिस्कवरच उघडी ठेवली गेली असती, आणि बोर्ड कुठलाही लावला तरी विंडोज सुरू झालं असतं. या कामाला पोह्यावर लिंबू पिळण्याइतका वेळ लागतो.

८:५५ ला काकांनी शट डाऊन केलं.

सकाळी १०:५०

कॉटन मार्केट, लोहापूल, बर्डी. दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच पुतण्याचा जीव गेला. बर्डीतल्या दुकानदारानं बी५५० चिपसेटचा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० पुढ्यात ठेवला. रॅम जुनीच, डीडीआर४, चालणार. जुना बोर्ड आणि प्रोसेसर आणून दिला तर एक्सचेंजमध्ये काही पैसे कमी, मात्र आजच. उद्या रविवार, मग दिवाळीची गर्दी.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीनं २०२२ मध्ये जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवायची मुभा दिली होती, बायोस अपडेट करून. मेलेल्या स्लॉटचा त्रास सोसला असता तर निम्म्या पैशांत काम झालं असतं. पण "आजच" या शब्दात दिवाळीत भारी ताकद असते.

दुपारी १२:४०

पेटी उघडली. फिल्टरशिवाय चाललेल्या कॅबिनेटमध्ये महालातली सगळी धूळ. ब्रश, फुंकर, काकूंची चिडचिड. पुतण्यानं एसएमपीएसच्या वायरी काढल्या, कूलरचे स्क्रू सैल केले आणि कूलर वर ओढला.

कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून आला.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे. पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटची पकड हलकी, आणि वर्षानुवर्षं वाळलेली पेस्ट सिमेंटसारखी धरते. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करायची आणि कूलर ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे पिळायचा, ही मेकॅनिकांची जुनी रीत. पुतण्यानं व्हिडिओत बोर्ड बसवणं पाहिलं होतं, काढणं नव्हतं. त्यानं ब्लेडची पात घालून प्रोसेसर सुटा केला. खालच्या कोपऱ्यातल्या काही पिना झुकलेल्या. तो म्हणाला, "जुनाच आहे न. एक्सचेंजमध्येच देऊन राहिलो."

वाकलेल्या पिनांनी घात केला असं पुढे सगळे म्हणाले. मला ते पटत नाही. पण त्या पिनांमुळे तीन तासांनी बर्डीत एक गोष्ट घडली, हे खरं.

दुपारी २:२०

नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये बसला. पितळी स्टँडऑफ जागच्या जागी, मागची पत्र्याची पट्टी एकदाची खाचेत गेली. डिस्कची एक साटा केबल मात्र टोकाशी मोडली. केबल आणायला बर्डीत जावंच लागणार होतं, तर जुना बोर्ड आणि प्रोसेसरही देऊन ये, असं काकांनी पुतण्याच्या धाकट्या भावाला सांगितलं.

२:३५ ला जुना बोर्ड स्कूटीच्या डिक्कीतून घराबाहेर पडला. नवं मशीन अजून एकदाही चालू झालं नव्हतं. इथे कोणी तरी "थांब, आधी हे सुरू तर होऊ दे" म्हणायला हवं होतं. घरात पाच माणसं होती.

दुपारी ३:१०

सगळ्यांना ज्याची भीती होती तो टप्पा. पडदा उजळला, बायोस दिसलं, आणि पुतण्याला नवं बायोस टाकायचं होतं. बायोस लिहिलं जात असताना लाईट गेली तर बोर्ड तिथेच मरू शकतो. नागपुरात लाईट फडफडली की माणूस आधी वर पाहतो. म्हणून कॅबिनेट इन्व्हर्टरच्या पॉईंटवर लावलं, काकूंनी मिक्सर बंद ठेवला, फ्रिजसुद्धा बंद केला.

काकांची भीती फार जुनी होती. २६ एप्रिल १९९९, सोमवार. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जगभर फुटला. चेर्नोबिल दुर्घटनेची तीच तारीख, म्हणून त्याला चेर्नोबिल म्हणत. विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनवर तो हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमेल तिथे बोर्डाच्या बायोस चिपवर कचरा लिहायचा. मशीन सुरूच व्हायचं नाही, चिप बदलेपर्यंत. आशियात दणका मोठा होता. काकांच्या तेव्हाच्या ऑफिसात दोन मशीन गेली होती, तेव्हापासून बायोस म्हटलं की ते हात जोडतात.

पट्टी शंभर टक्क्यांवर गेली. मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. काकूंनी फ्रिज लावला. घरात सुटकेचा निःश्वास, चहा.

दुपारी ३:३५, बर्डी

दुकानातल्या पोरानं जुना बोर्ड घेतला. घेतलेला माल चालतो की नाही ते पाहायचं, हे त्याचं काम. काकांच्या प्रोसेसरच्या पिना वाकलेल्या, म्हणून त्यानं तो बाजूला ठेवून तपासणीचा दुसरा प्रोसेसर सॉकेटमध्ये टाकला आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत बोर्डानं विचारलं. आशय असा: नवा प्रोसेसर बसवला आहे, आतली टीपीएमची नोंद जुळत नाही. वाय दाबलं तर नोंद पुसून नवी सुरू होईल, पण बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की शिवाय मशीन सुरू होणार नाही. एन दाबलं तर जुनी नोंद राहील, आणि जुना प्रोसेसर परत लावला की त्यातल्या किल्ल्या परत मिळतील.

बोर्ड एवढं स्पष्ट बोलतो, हे मला नंतर कळलं तेव्हा आश्चर्यच वाटलं. पण दिवसात असे किती बोर्ड तपासायचे? आणि बोर्ड आता दुकानाचाच. पोरानं वाय दाबलं. बोर्ड चांगला चालला. धाकट्याला पैसे आणि साटा केबल मिळाली.

त्या क्षणी काकांच्या डिस्कची एक किल्ली गेली. दुसरी आदल्या रात्रीच गेली होती. घरी चहा चालू होता.

दुपारी ४:२५

केबल आली, डिस्क जोडल्या. नव्या बोर्डानंही तोच काळा पडदा दाखवला, तोच प्रश्न. पुतण्यानं वाचून वाय दाबलं. इथे त्यानं काही बिघडलं नाही. या बोर्डात पुसण्यासारखं काही नव्हतंच. मात्र बिटलॉकर हा शब्द वाचून तो क्षणभर थांबला.

"काका, बिटलॉकर लावला होता का तुमच्या मशीनला?"

"ते काय असते?"

दुपारी ४:३०

निळा पडदा. मध्ये एक रिकामी पट्टी: या ड्राईव्हची रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत.

असाच पडदा १९ जुलै २०२४ ला जगभर दिसला होता. क्राउडस्ट्राईकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन बसल्या, विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले, आणि दुरुस्ती करायला गेलं तर बिटलॉकर आधी किल्ली मागायचा. मोठ्या कंपन्यांकडे निदान किल्ल्यांची यादी असते. महालात यादी नव्हती.

काकांनी आपली जन्मतारीख टाकून पाहिली. मग मोबाईल नंबर. मग काकूंचा.

हे आकडे ओळखून काढता येत नाहीत. शक्यतांची संख्या दोनचा एकशे अठ्ठाविसावा घात, म्हणजे एकोणचाळीस आकडी. हौशी पुतण्याच्या ग्राफिक्स कार्डानं सोडाच, जगातल्या सगळ्या मशीन एकत्र केल्या तरी ते होत नाही. बिटलॉकर बनवलाय त्यासाठीच. चोरासाठी.

दुपारी ४:४५

जावईबापूंना फोन. ते मीटिंगमधून उठून बोलले. आवाज शांत होता.

"काका, काही काळजी नाही. की पेनड्राईव्हवर ठेवलेली आहे. काळा पेनड्राईव्ह, त्यावर पट्टी लावली होती मी."

कोणी बोललं नाही. काळा पेनड्राईव्ह त्या वेळी नव्या बोर्डाच्या मागच्या पोर्टमध्येच खोचलेला होता. त्यात विंडोज ११ होतं.

मायक्रोसॉफ्ट खात्यात की ठेवता येते, पण काकांचं खातं लोकल होतं. प्रिंट काढायचा पर्याय होता. तेव्हा प्रिंटरमध्ये शाई नव्हती. डी ड्राईव्ह? तोही कुलूपबंद, आणि त्याची किल्ली सी ड्राईव्हच्या आत. काकांचा बॅकअप त्याच्या मूळ प्रतीबरोबरच आत अडकला.

मग काकूंनी विचारलं, "अन् आजोबांच्या वह्या?"

वह्यांना वाळवी लागली होती. स्कॅन पूर्ण झालं म्हणून गेल्या दिवाळीत त्या रद्दीत गेल्या. काकांनीच दिल्या होत्या.

संध्याकाळी ५:५०

एक रस्ता अजून उरला होता, असं पुतण्याला वाटलं. जुना बोर्ड आणि जुना प्रोसेसर परत आणायचा, पिना सरळ करायच्या, डिस्क लावायची. जोडी पुन्हा जुळली की कुलूप उघडेल. कल्पना अगदी बरोबर होती. फक्त सव्वादोन तास उशीर झाला होता.

दुकानदार भला माणूस. बोर्ड अजून शेल्फवरच होता, पैसेही परत मागितले नाहीत. पोरानं वाकलेल्या पिना यांत्रिक पेन्सिलीची रिकामी नळी घालून एक-एक करून उभ्या केल्या, आणि हे काम त्यानं इतकं सफाईनं केलं की पाहत राहावं. प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद पडला. मशीन सुरू झालं. काकांची डिस्क लावली.

निळा पडदा.

"तपासताना काही विचारलं होतं का यानं?" पुतण्यानं विचारलं. पोरानं आठवून सांगितलं. हो, वाय की एन, तसलं काहीतरी.

दुकानदारानं नवी एसएसडी उधारीवर दिली.

रात्री ८:३०

शेवटचा प्रयत्न पेनड्राईव्हवर. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते आणि वर काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी जागा खरवडून काढतं. पुतण्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर ते लावलं. पण आठ जीबीच्या त्या ड्राईव्हवर विंडोज ११ नं बहुतेक जागा व्यापली होती, आणि उरल्यासुरल्या जागेत बायोसची फाईल.

साडेदहापर्यंत काही अभंग परत मिळाले. काही पूर्ण, काही मध्येच तुटलेले. एका गाण्यात अर्ध्यातून दुसरंच सुरू होत होतं. टेक्स्ट फाईल मिळाली नाही. की काही किलोबाइटची असते. आणि ती ड्राईव्हच्या सुरुवातीलाच बसली असणार, जिथे नवं लिखाण सगळ्यात आधी येतं.

जावईबापूंनी जुना फोन शोधायचं कबूल केलं. कदाचित तेव्हा पडद्याचा फोटो काढला असेल. दोन्ही डिस्क काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या. फॉरमॅट मारायला काकांनी साफ नकार दिला.

रात्री ११:४०

नव्या एसएसडीवर विंडोज ११ चढलं. मंगळवारच्या आत. सेटअपनं मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं आणि या वेळी टाळायला सरळ वाट ठेवली नाही. काकांचा ईमेल होता, पण पासवर्ड कुलूपबंद डिस्कमध्ये. पुतण्यानं तात्पुरतं म्हणून स्वतःचं खातं टाकलं.

डेस्कटॉप आला तेव्हा पुतण्याच्या लक्षात आलं की सी ड्राईव्हवर पुन्हा छोटं कुलूप आहे. कोणी लावलं नव्हतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्यानं टाकल्या की टीपीएम आणि सिक्युअर बूट असलेल्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि की त्या खात्यात जमा होते ज्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं.

"म्हणजे तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

"हो. माझ्या खात्यात."

"अन् तू पुण्याले नोकरीला गेला त?"

काकांनी रिटर्नच्या फायलीतून एक कोरा कागद काढला. प्रिंटरचा ड्रायव्हर अजून टाकायचा होता, म्हणून पुतण्या पडद्यावरून पाहून हातानं लिहू लागला. आठ गट. लिहून झाल्यावर मी सांगितलं की या प्रत्येक गटाला अकरानं निःशेष भाग जायला हवा, बिटलॉकरची रचनाच तशी आहे. एक आकडा जरी चुकला तरी भाग जात नाही. काकांनी चष्मा लावला. एकाआड एक आकड्यांच्या बेरजा करून अकराची कसोटी लावणं त्यांना शाळेपासून येतं. पहिला गट बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्यात दोन बेरजांमध्ये सहाचा फरक आला.

"पुन्हा पाहा बरं," काका म्हणाले.

पुतण्यानं एकच्या जागी सात लिहिला होता.